आरशातला हात आणि पडद्यावरचा हात

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक मामा आहेत. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या हुद्द्याच्या माणसाला मुले मामाच म्हणतात. कोणत्या गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकतो, कोणत्या वर्नियरची शून्य त्रुटी किती, हे मला विचारण्यापेक्षा मामांना विचारलेले बरे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका रात्री जेवताना त्यांच्या उजव्या हातातला घास ताटात गळून पडला. हात जड झाला, बोलणे अडखळले, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागले. 'थंडी बाधली असेल, सकाळपर्यंत उतरेल,' असे म्हणून घरच्यांनी हाताला तेल चोळले आणि त्यांना निजवले. सकाळी तो हात उचलेना.

चार-पाच महिन्यांनी मामा कामावर परत आले. पाय चांगला सुधारला होता, बोलणेही बरेचसे पूर्वीसारखे झाले होते. उजवा हात मात्र कोपरात वाकवून पोटाशी धरलेला आणि सगळी कामे डाव्या हाताने. "मामा, हात कसा आहे?" असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "हात आहे सर, पण माझं ऐकत नाही."

मित्रांनो, वैद्यकाच्या पुस्तकातही याहून नेमके वर्णन मिळणे कठीण. हाडे जागच्या जागी होती, स्नायू शाबूत होते, हातापर्यंत जाणाऱ्या चेताही तुटलेल्या नव्हत्या. येत नव्हती ती फक्त आज्ञा. ती पुन्हा मिळावी म्हणून अलीकडे संगणक, कॅमेरे आणि पडद्यावरचे खेळ वापरले जातात. या पद्धतीला 'आभासी पुनर्वसन' म्हणतात. ही पद्धत काय करते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय करत नाही, ते आपण पाहू.

डी. पी. जळते तेव्हा

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. हाच पक्षाघात, आपल्याकडे 'लकवा मारला' असे म्हणतात. बहुतेक झटके वाहिनी तुंबल्यामुळे येतात. अशा वेळी गुठळी विरघळवणारे औषध देता येते, पण ते झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचे सी. टी. स्कॅन करून वाहिनी फुटलेली नाही अशी खात्री झाल्यावर. मामांचे साडेचार तास तेल चोळण्यात आणि झोपेत गेले. तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, यांपैकी एक जरी गोष्ट घरात दिसली तरी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा. लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

हा आजार शहरातल्या बैठ्या कामाच्या लोकांचा, असा एक समज आहे. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. त्यांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा होता. जे मरत नाहीत त्यांच्यापैकी अनेकांचा एक हात मामांच्या हातासारखा पोटाशी येऊन बसतो.

आता मेंदूकडे वळू. शरीराच्या उजव्या बाजूला आज्ञा देणारे केंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. तिथून निघालेले तंतू खाली येताना लंबमज्जेत बाजू बदलतात. कोणत्या अवयवासाठी मेंदूवर किती जागा राखलेली आहे, याचा नकाशा कॅनडातील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णाच्या मेंदूला ते सौम्य विजेचा स्पर्श करीत आणि कोणता भाग हलतो ते टिपून घेत. या नकाशात सगळी पाठ आणि पोट मिळून जेवढी जागा व्यापतात तिच्या कितीतरी पट जागा एकट्या हाताच्या पंजाला आहे. सुईत दोरा ओवणारा, कापूस वेचणारा, बासरीच्या छिद्रांवर नाचणारा हा अवयव; त्याला मोठे कार्यालय लागणारच!

गावाकडच्या मुलांना डी. पी. जळणे म्हणजे काय हे सांगायला नको. विहिरीवरची मोटार चांगली असते, तारा चांगल्या असतात, पण रोहित्र जळाले की पाणी थांबते. मग शेजारच्या डी. पी. वरून भार उचलता येतो का, हे पाहतात. मेंदूतही असे घडते. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत; परंतु आसपासच्या, कधी दूरच्याही, जिवंत पेशी त्यांचे काम थोडेफार उचलतात. हे आपोआप मात्र फार थोडे होते. पुढचे काम रुग्णाला हात पुन्हा पुन्हा वापरून करवून घ्यावे लागते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याचा पुरावा दिला. स्क्विरल जातीच्या छोट्या माकडांच्या मेंदूतील पंजाच्या केंद्रात त्यांनी लहानशी इजा केली. ज्या माकडांना नंतर काहीच सराव दिला नाही, त्यांच्या मेंदूत इजा न झालेली शेजारची पंजाची जागाही आक्रसली. ज्यांना लहान लहान खळग्यांतून बोटांनी खाऊ काढण्याचा रोजचा सराव दिला, त्यांची जागा टिकली. काहींच्या बाबतीत पंजाचे केंद्र पूर्वी कोपर आणि खांदा सांभाळणाऱ्या प्रदेशातही पसरले. वापरले तर वाढते, न वापरले तर जाते!

मामांसारखी माणसे दुखरा हात बाजूला ठेवतात, कारण चांगल्या हाताने काम लवकर होते. मेंदू यातून 'हा हात वापरायचा नसतो' असा धडा शिकतो. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने यावर एक विचित्र वाटणारा उपाय काढला: चांगला हातच बांधून ठेवायचा. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चांगल्या हातावर दोन आठवडे जाड हातमोजा चढवून दुखऱ्या हाताकडून रोज कित्येक तास कामे करवून घेतली. त्या रुग्णांचा हात इतरांच्या मानाने अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही सुधारणा टिकून होती. अर्थात, ज्यांचे मनगट आणि बोटे मुळात थोडी तरी हलत होती अशाच रुग्णांना त्यात घेतले होते.

सरावाने हात सुधारतो हे ठरले. पण किती सरावाने? माकडांच्या प्रयोगांत हालचाली दिवसाला शेकड्यांनी मोजल्या जातात. अमेरिका आणि कॅनडा येथील उपचारकेंद्रांत कॅथरीन लँग यांच्या गटाने प्रत्यक्ष बसून मोजदाद केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा पाहा: हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव ज्या बैठकीत होई, त्यात तो सरासरी अवघा ३२ वेळा होई. ही श्रीमंत देशांतली गोष्ट. दोष उपचार करणाऱ्यांचा नाही. रिकामा पेला उचला, ठेवा, उचला, ठेवा, हे तीनशे वेळा करून पाहा म्हणजे कळेल. कंटाळ्याने जीव जातो. आभासी पुनर्वसनाचा जन्म या कंटाळ्यातून झाला आहे.

आधी आरसा

'आभासी' हा शब्द तुम्हाला प्रकाशाच्या धड्यातून ओळखीचा आहे. सपाट आरशातील प्रतिमा आभासी असते. किरण तिथून येतात असे वाटते, पण आरशामागे कागद धरला तर त्यावर काही उमटत नाही. या अर्थाने आभासी उपचाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे घरातला आरसा.

हा प्रयोग तुम्ही आजच करा. वहीपेक्षा मोठा एक आरसा टेबलावर तुमच्या समोर उभा धरायला मित्राला सांगा. आरशाची कड तुमच्या छातीच्या मध्याकडे हवी आणि चकचकीत बाजू उजवीकडे. डावा हात आरशामागे लपवा, उजवा पुढे ठेवा. दोन्ही हात आरशापासून सारख्याच अंतरावर असू द्या. आता उजवीकडून आरशात पाहा. वस्तू आरशापुढे जितक्या अंतरावर, प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर. म्हणून उजव्या हाताची प्रतिमा बरोबर डाव्या हाताच्या जागी पडते. शिवाय आरसा उजव्याचे डावे करतो, त्यामुळे ती प्रतिमा डाव्या हातासारखीच दिसते. दोन्ही हातांची बोटे एका तालात उघडमीट करा. अर्ध्या मिनिटाने डावा हात थांबवा आणि उजवा चालू ठेवा. डाव्या हातात काहीतरी चमत्कारिक जाणवेल. डोळे सांगतात 'हात हलतो आहे', हात सांगतो 'मी स्वस्थ आहे'. या भांडणात मेंदू पुष्कळदा डोळ्यांची बाजू घेतो.

चेन्नईत वैद्यक शिकून पुढे कॅलिफोर्नियात गेलेले डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हा आरसा प्रथम हात तुटलेल्या माणसांसाठी वापरला. नसलेल्या हाताच्या वेदना त्यामुळे काहींच्या कमी झाल्या. १९९९ मध्ये एरिक अल्टशुलर, रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच आरसा पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर वापरून पाहिला. नऊ म्हणजे फार थोडे. पण पुढे जगभर त्याच्या चाचण्या झाल्या. २०१८ मध्ये अशा ६२ अभ्यासांतील १,९८२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा नेहमीच्या उपचाराला आरशाची जोड दिल्यास हाताची हालचाल सुधारते असे दिसून आले. ही सुधारणा मोठी नव्हती, पण खरी होती. आणि आरशाला ना वीज लागते, ना दुरुस्ती!

यंत्राला हात कसा दिसतो?

पडद्यावर हात दाखवायचा तर तो कुठे आहे हे यंत्राला कळले पाहिजे. मला स्वतःला या विषयात ओढले ते याच प्रश्नाने.

बुलढाण्याहून मलकापूरला जाणारी एस. टी. राजूर घाटात वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो. थांब्यावरून सुटली की मागे रेलतो. डोळे मिटलेले असले तरी गाडी कशी चालली आहे हे आपले शरीर सांगते. प्रवेगमापक नेमका असाच असतो. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली एक सूक्ष्म वस्तू, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेली. यंत्र हलले की ती मागे राहते, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे तिचे अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युत्‌धारिताही बदलते. तो बदल मोजला की प्रवेग कळतो. निन्टेंडो कंपनीने २००६ मध्ये 'वी' नावाचा खेळ बाजारात आणला. त्याच्या हातात धरायच्या दांडीत हा मापक होता. दांडी बॅटसारखी फिरवली की पडद्यावरची बॅट फिरे. खेळ मुलांसाठी होता, पण थोड्याच काळात तो पुनर्वसनकेंद्रांत दिसू लागला. आज तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही असा मापक आहे. 'फायफॉक्स' हे जर्मनीतील आखेन विद्यापीठाने केलेले विनामूल्य ॲप उतरवून घ्या, फोन तळहातावर सपाट धरा आणि हळूहळू डोक्यापर्यंत न्या. आलेख जितका गुळगुळीत तितकी तुमची हालचाल सफाईदार. पक्षाघातानंतर हाताचा आलेख खडबडीत होतो, कारण हात एका झेपेत न जाता थांबत थांबत जातो.

पण ज्याची मूठच वळत नाही त्याने दांडी धरायची कशी? २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले, त्यात हातात काहीच धरावे लागत नसे. एक डोळा मिटून समोर धरलेला अंगठा पाहा, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो; अंगठा जवळ असेल तर जास्त, लांब असेल तर कमी. आपल्या डोळ्यांत सुमारे ६ सेंमी. अंतर आहे. अंगठा ३० सेंमी. वर असेल तर दोन डोळ्यांच्या दृष्टिरेषांमधला कोन सुमारे ११ अंश भरतो आणि ६० सेंमी. वर असेल तर त्याच्या निम्मा. किनेक्टमध्ये एका बाजूला अवरक्त किरणांचे हजारो ठिपके खोलीत फेकणारा दिवा होता आणि काही सेंटिमीटर अंतरावर ते ठिपके पाहणारा कॅमेरा. प्रत्येक ठिपका किती सरकला यावरून ती जागा किती लांब हे त्रिकोणमितीने निघे, आणि हे सेकंदाला ३० वेळा. तुमच्या वर्गात कुणी 'साइन-कोसाइनचा उपयोग काय?' असे विचारले तर त्याला हे सांगा.

२०१३ च्या सुधारित किनेक्टने पद्धत बदलली. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागतो यावरून ते अंतर काढी. हात एक सेंटिमीटर पुढे आला तर प्रकाशाची फेरी दोन सेंटिमीटरने कमी होते. प्रकाशाचा वेग लक्षात घेता हा वेळ किती? एका सेकंदाचे पंधराशे कोटी भाग केले तर त्यांतला एक! तो थेट घड्याळाने नव्हे, तर प्रकाशाच्या कंपनात पडलेल्या फरकावरून मोजत. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि 'वी' त्याआधीच बंद पडले होते, पण या दोन्ही युक्त्या आजच्या यंत्रांत चालू आहेत.

कापूस वेचणी

हे सगळे वर्गात सांगितल्यावर दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलांनी विचारले, "सर, मामांसाठी आपण करू या का?" उपचारासाठी मुंबई-पुणे गाठायचे म्हणजे मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी, तिथे राहण्याची सोय आणि बुडालेला पगार. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून चालू असलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पण हाताचा सराव महिनोन्‌महिने रोज करायचा असतो. गावातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, करा, पण मला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही आणि मामांचा हात कुणी धरून ओढायचा नाही. (लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो. उठवताना तो हात ओढला तर खांदा कायमचा दुखावू शकतो. प्रेमळ नातेवाईकांकडून ही चूक नेहमी होते.)

टेबलाच्या वर लाकडी चौकटीला एक साधा कॅमेरा खाली तोंड करून बसवला. मामांच्या मनगटावर बाटलीचे लाल झाकण बांधले. हाताखाली फडके आणि टेबलावर कॅरमची पावडर, म्हणजे घर्षण कमी. झाकण कुठे आहे हे संगणक शोधी आणि पडद्यावर एक हात त्याप्रमाणे हले. पडद्यावर कपाशीचे झाड; हात पुढे करून बोंड वेचायचे आणि ओटीत टाकायचे. पहिल्या दिवशी लाल बाहीचा स्वेटर घातलेली मुलगी टेबलावर वाकली की पडद्यावरचा हात झाड सोडून तिच्या मागे धावे. मामा मनापासून हसले. तो अर्धा तास त्यांनी हात कितीदा पुढे केला हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

दोन आठवड्यांत गुण भराभर वाढले. मुले खूश, मीही खूश. आलेख काढून मॅडमना दाखवला. त्यांनी आलेख बाजूला ठेवला, मामांना खेळायला लावले आणि बाजूला उभ्या राहून पाहिले. मग म्हणाल्या, "सर, तुमचा संगणक खेळ मोजतोय, हात नाही मोजत."

मामांचे कोपर जवळजवळ सरळ होतच नव्हते. ते कमरेतून पुढे झुकून बोंड गाठत होते. मनगट पुढे गेले हे खरे, पण ते नेले पाठीने! शरीर नेहमी सोपी वाट शोधते, आणि आमच्या खेळाने त्या सोप्या वाटेला बक्षीस दिले होते. वीस वर्षे मी मुलांना सापेक्ष गती शिकवतो आहे. चालत्या आगगाडीच्या डब्यात पुढे चालणाऱ्या माणसाचा वेग कोणाच्या सापेक्ष, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. आणि इथे मनगटाचे स्थान टेबलाच्या सापेक्ष मोजून मोकळा झालो!

मॅडमनी पंचाने मामांची छाती खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधली. मुलांनी खांद्यावर निळे झाकण लावले आणि मनगटाच्या स्थानातून खांद्याचे स्थान वजा केले. (खांदा कॅमेऱ्याला टेबलापेक्षा जवळ असल्याने त्याचे सरकणे मोठे दिसते, त्याची दुरुस्ती करावी लागते, हे एका मुलीने माझ्याआधी ओळखले.) नव्या मोजणीत मामांचे गुण एकदम निम्म्याहून खाली आले. ते नाराज झाले. दोन दिवस खेळायलाच आले नाहीत.

पत्त्यांचा डाव

तिसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "सर, त्या पडद्याचा कंटाळा आला. पत्ते असतील तर द्या." मग मधल्या सुट्टीत बदाम सातचा डाव सुरू झाला. अट एकच: पान उजव्या हाताने टाकायचे. बदाम सातमध्ये पाने टेबलभर पसरत जातात, तेव्हा लांबच्या रांगेत पान ठेवायला हात लांब करावाच लागतो. छातीला पंचा होताच.

मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. एवढी खटपट केली, ती पत्त्यांनी हरवली. पण नंतर वाचनात आलेल्या एका चाचणीने मला गप्प केले. टोरोंटोचे डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांनी २०१० मध्ये २२ रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला होता. त्यात 'वी'वर खेळणाऱ्यांचा हात साधे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा जलद काम करू लागला. वर्तमानपत्रांना आवडेल अशी बातमी. पण ते तिथे थांबले नाहीत. चार देशांतील १४ केंद्रांत, नुकताच झटका येऊन गेलेले १४१ रुग्ण घेऊन त्यांनी मोठी चाचणी केली. दोन्ही गटांना नेहमीचा उपचार होताच. त्याशिवाय दोन आठवड्यांत दहा बैठका, प्रत्येकी एक तास. एक गट 'वी'वर, दुसरा पत्ते, बिंगो, ठोकळे आणि चेंडू यांवर. २०१६ मध्ये निकाल लागला: दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. आधीच्या छोट्या प्रयोगात दिसलेला फरक मोठ्या चाचणीत राहिला नाही. नाणे दहा वेळा उडवून सात छापे पडले तर नाणे खोटे ठरत नाही, हे तुम्ही संभाव्यतेत शिकता. वैद्यकातही तेच गणित आहे. स्वतःचाच अनुकूल निकाल पुन्हा तपासायला घेणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

मग यंत्रे निरुपयोगी का? तसेही नाही. २०१७ मध्ये ७२ चाचण्यांतील २,४७० रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हाताच्या बाबतीत, नेहमीच्या उपचाराऐवजी आभासी खेळ दिले तर विशेष फरक पडला नाही. पण नेहमीच्या उपचारात त्यांची भर घातली, म्हणजे एकूण सराव वाढवला, तर फायदा दिसला. यंत्र जे देते ते बहुधा जादा सरावामुळेच.

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने मला आणखी एक चाचणी महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १२४ रुग्णांपैकी निम्म्यांना केंद्रात बोलावून उपचार दिले आणि निम्म्यांच्या घरी संगणक व खेळ नेऊन ठेवले. घरच्या गटाचे उपचारतज्ज्ञ संगणकाच्या पडद्यावरून बोलत आणि सूचना देत. दोघांनाही ७० मिनिटांच्या ३६ बैठका. २०१९ मध्ये निकाल आला. हाताच्या ६६ गुणांच्या परीक्षेत दोन्ही गट सुमारे आठ गुणांनी वर गेले होते; घरचा गट मागे पडला नव्हता. म्हणजे यंत्राने हात बरा केला असे नव्हे. यंत्राने तज्ज्ञाला घरापर्यंत नेले. सिंदखेडराजा किंवा जळगाव जामोदच्या एखाद्या खेड्यातल्या रुग्णासाठी ही गोष्ट लहान नाही.

यावर कुणी म्हणेल, घरच्या माणसांनाच व्यायाम शिकवले की काम झाले, यंत्र कशाला आणि तज्ज्ञ कशाला? हा प्रश्न आपल्या देशातच तपासला गेला आहे. भारतातील १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण घेऊन, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरच्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण दिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. मला हा निकाल आवडला नाही, पण तो आहे तसा मांडायला हवा. आमच्या मामांची कमरेची युक्ती त्यांच्या बायकोला दिसली नाही, मला दिसली नाही, संगणकाला दिसली नाही. ती मॅडमना दिसली.

मुलांचा खेळ आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मॅडमच्या सांगण्यावरून मामा आठवड्यातून दोनदा तो काढतात, गुणांसाठी नव्हे तर कोपर किती सरळ होते त्याचा आकडा पाहायला. एरवी आरसा आणि पत्ते. पाण्याचा तांब्या आता ते उजव्या हाताने उचलतात, अर्धा भरलेला असेल तर. शर्टाच्या गुंड्या लागत नाहीत. परवा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी टेबले लावताना त्यांनी लंबकाचे गोळे एकेक करून उजव्या हाताने मांडले. बराच वेळ लागला आणि कुणी मदतीला पुढे झाले नाही, कारण तशी ताकीदच त्यांनी दिली होती. स्क्रू गेजचे रॅचेट मात्र ते अजून डाव्या हातानेच फिरवतात.